फिटवरची गोळी आणि व्हॅस्क्युलायटिस: व्हॅल्प्रोएटबद्दल कोणी नीट सांगेल का?

अबोली_२

नमस्कार मंडळी. नेहमी नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीला चार वर्षांपासून जीपीए आहे. ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, याला आधी वेगनर्स म्हणायचे. व्हॅस्क्युलायटिसचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाचा हा एक प्रकार. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात आणि त्या जिथे जिथे असतील ते अवयव बिघडतात. तिचं सगळं नाकापासून सुरू झालं, सर्दी आहे सर्दी आहे म्हणत सहा महिने अँटिबायोटिक्स झाली, मग नाकातून रक्ताळलेल्या खपल्या यायला लागल्या, कान गच्च बसला, नंतर गुडघ्याखाली जांभळे ठिपके आणि शेवटी लघवी चहासारखी. तेव्हा कुठे अँका ही या आजाराची रक्ततपासणी झाली, त्यात पीआर३ पॉझिटिव्ह. आता दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब (शिरेतून देतात ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅमवर आलंय. मधे दोनदा उलटलाय आजार, दोन्ही वेळा स्टेरॉइड परत वर.

परवा तिला पेशंट ग्रुपवर कोणीतरी लांबलचक मेसेज पाठवला. त्यात म्हटलंय की व्हॅल्प्रोएट नावाची फिटवरची जुनी गोळी आहे, ती जनुकांवर काम करते, आणि या आजाराचं मूळही जनुकं चालू-बंद होण्यातच आहे, तर ही गोळी आजार मुळापासून बंद करू शकेल. रात्री साडेअकराला फोन हातात घेऊन माझ्या खोलीत आली. इतके महिने एवढं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. "ताई, ही साधी फिटची गोळी आहे गं, लहान मुलांनासुद्धा देतात."

आता मला तिचा आनंद मोडायचा नाहीये आणि खोटी आशाही लावायची नाहीये. यात तथ्य काय आहे? जनुकं चालू-बंद म्हणजे नक्की काय? आणि डॉक्टरांना विचारायचं तर कुठल्या शब्दात विचारू? तिचं वय २९.

रानपाखरू

माहिती नाही पण धागा धरून बसलेय. बहिणीला खूप शुभेच्छा. मावशीला टेम्पोरल आर्टरायटिस होता, म्हणजे मोठ्या वाहिन्यांचा प्रकार, त्यामुळे स्टेरॉइडने सुजलेला चेहरा घरात पाहिलाय.

जुना_बाभूळ

अबोली, मी जीपीएवाला, तेरावं वर्ष चालू. डावं पाऊल उचललं जात नाही, नस गेली त्यात. म्हणून तुझ्या प्रश्नाच्या जवळचं एक सांगतो. फिटवरची गोळी मी आजही घेतो, गॅबापेंटिन. पण ती आजारावर नाही, पायात रात्री जे निखारे पेटतात ना त्याच्यावर. वाहिन्या सुजल्या की नसांचा रक्तपुरवठा तुटतो, मग नस दुखते, आणि फिटच्या काही गोळ्या नसेच्या दुखण्यावर चालतात. आजार त्याने एक कणही कमी होत नाही. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ झाली असेल तर आधी ती सोडव.

आणि हो, गॅबापेंटिन किडनीवाटेच बाहेर पडतं, माझं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी कमी काम करायला लागली, तेव्हा डोस निम्मा करावा लागला, नाहीतर दिवसभर पेंगत होतो. "फिटची साधी गोळी" हा शब्दप्रयोग मला तेव्हापासून आवडत नाही.

अबोली_२

काका, धन्यवाद. नाही, मेसेजमध्ये दुखण्याचा विषय नव्हता, आजारावरच म्हटलंय. "एपिजेनेटिक" असा शब्द चार वेळा आलाय.

पेट्रीडिश

हे माझ्या कामाच्या जवळचं आहे म्हणून जरा लांब लिहितो. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत पेशींवर काम करतो, तेव्हा उपचाराचं स्टेथो किंवा इतर कोणी सांगतील.

आधी मेसेजमधला खरा भाग. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी, तिच्या पोटात जंतू मारायची हत्यारं भरलेल्या बारीक पिशव्या असतात. पीआर३ आणि एमपीओ ही त्यातली दोन हत्यारं. ही प्रथिनं पेशी अस्थिमज्जेत कच्ची असताना बनवली जातात, पिशवीत भरली जातात आणि मग त्यांचं जनुक कुलूप लावून बंद होतं. पेशी पिकून रक्तात येते तेव्हा नवीन पीआर३ बनायचं काही कारणच नसतं. अँका व्हॅस्क्युलायटिसच्या पेशंटमध्ये मात्र रक्तातल्या पिकलेल्या पेशींमध्येसुद्धा ही जनुकं चालू सापडली. आणि नेमक्या याच दोन प्रथिनांविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं, त्यांनाच अँका म्हणतात.

चालू का राहिली? २०१० मध्ये अमेरिकेत चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या लोकांनी ते दाखवलं. डीएनए हा दोरा समजा, तो हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळला की तिथलं जनुक वाचता येत नाही, सैल झाला की वाचता येतं. मेसेजमधला "एपिजेनेटिक" शब्द यालाच. घट्ट ठेवायचा एक रासायनिक शिक्का असतो, तो शिक्का या पेशंटमध्ये पीआर३ आणि एमपीओच्या जागी कमी भरला, कारण शिक्का मारणाऱ्या यंत्रणेला तिथे बोलावून आणणारं रन्क्स३ नावाचं प्रथिन त्यांच्यात कमी होतं. २०१७ मध्ये त्याच गटाने पुढे दाखवलं की आजार शांत झाल्यावर ज्यांच्यात पीआर३ जनुकावर डीएनएचं मिथाइल लेपन (जनुक बंद ठेवायची आणखी एक रासायनिक खूण) परत वाढलं, त्यांच्यात आजार उलटायचं प्रमाण कमी होतं, आणि ज्यांच्यात वाढलं नाही त्यांच्यात जास्त. म्हणजे "जनुकं चालू-बंद" ही थाप नाही, पक्कं संशोधन आहे. अबोली, तुमच्या बहिणीला हे जरूर सांगा, ती ज्या गोष्टीने हरखली ती गोष्ट खरीच आहे.

आता व्हॅल्प्रोएट. २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की हे औषध एचडॅक नावाच्या एन्झाइमना अडवतं. एचडॅकचं काम काय, तर दोरा घट्ट करणं. ते अडवलं की काय होईल? दोरा सैल होईल.

इथे थांबून परत वाचा. आजारात पीआर३ची जागा आधीच सैल आहे. आपल्याला ती घट्ट करायचीय. आणि हे औषध सैल करतं. मेसेज लिहिणाऱ्याने "जनुकांवर काम करते" एवढं वाचलं आणि कुठल्या दिशेने ते बघितलंच नाही. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं कारण पेशंट माणूस दिशेचा विचार करेल अशी अपेक्षा आपण कशी करायची, तो थकलेला असतो.

कुतूहल

पेट्रीडिश, पण मग इतके लोक एचडॅक अडवणाऱ्या औषधांवर दाहाच्या आजारात काम का करतायत? मी स्वतः वाचलंय की उंदरांमध्ये फायदा झाला. तुम्ही म्हणता तसं सरळ असतं तर उंदरांचा आजार वाढायला हवा होता ना.

पेट्रीडिश

बरोबर मुद्दा. व्हॅल्प्रोएट एकाच जागी काम करत नाही, पेशीभर जिथे जिथे रीळ आहे तिथे थोडं थोडं सैल करतं, त्यात काही चांगल्या जागाही सैल होतात. उदाहरणार्थ दाह आवरणाऱ्या ज्या टी पेशी असतात, नियामक टी पेशी, त्यांना बळ मिळतं. २००३ मध्ये ल्युपसच्या, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं अशा दुसऱ्या एका आजाराच्या, उंदरांना याच जातीची दुसरी औषधं देऊन किडनीचा आजार कमी झालेला दिसला. २००६ मध्ये आतड्याच्या दाहाच्या उंदरांमध्ये खुद्द व्हॅल्प्रोएटने फायदा दिसला. तेव्हा कल्पना वेडगळ अजिबात नाही. पण ल्युपसचा उंदीर हा जीपीएचा माणूस नव्हे, आणि जिथे नेमका हाच पीआर३चा प्रश्न आहे तिथे दोन परिणाम एकमेकांच्या उलट ओढणार, नियामक पेशी एकीकडे आणि उघडं जनुक दुसरीकडे.

अजून एक आकडा बघा, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फिटसाठी रक्तात व्हॅल्प्रोएटची पातळी ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. रेणूच्या वजनाने भागलं तर साधारण ०.३५ ते ०.७ मिलिमोलर होते. प्रयोगशाळेत एचडॅक निम्मं अडवायला साधारण ०.४ मिलिमोलर लागतं. वा, जुळलं की, असं वाटतं. पण रक्तातलं जवळपास ९०% व्हॅल्प्रोएट अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून असतं, मोकळं राहतं ते दहावा हिस्सा. पेशीच्या आत जातं ते मोकळं. ताटलीत पेशींवर आपण जे ओततो आणि माणसाच्या पेशीला जे मिळतं त्यात एवढी तफावत पडते.

मनमोकळी

मी व्हॅल्प्रोएट ११ वर्षं घेतलंय, फिटसाठी. त्या गोळीने मला माझं आयुष्य परत दिलं म्हणून मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण साधी गोळी? नाही हो. पहिल्या वर्षात ९ किलो वजन वाढलं, केस विंचरले की फणी भरून जायची. हात थरथरायचे, चेकवर सही करताना पेन कागदावर टेकवायचं आणि थरथर थांबायची वाट बघायची, बँकेतला माणूस मागच्या सहीशी ताडून बघत बसायचा. दर काही महिन्यांनी लिव्हर आणि प्लेटलेट्स.

आणि अबोली, तुझी बहीण २९ वर्षांची आहे म्हणून हे ठळक वाच. मूल होऊ शकतं अशा वयाच्या बाईने ही गोळी स्वतःच्या मनाने कधीच घ्यायची नाही. गरोदरपणात घेतली तर १०० पैकी सुमारे १० बाळांमध्ये मोठं जन्मजात व्यंग, मणक्याचं, हृदयाचं, टाळूचं. आणि ३० ते ४० मुलांमध्ये बोलणं, शिकणं, वागणं यांच्या विकासात अडचणी. युरोपात २०१८ पासून नियमच आहे की गर्भधारणा टाळायची पक्की व्यवस्था असल्याशिवाय अशा स्त्रियांना हे द्यायचं नाही. मूल हवं असं आम्ही ठरवलं तेव्हा डॉक्टरांनी दीड वर्ष आधी माझी गोळी बदलायला घेतली, हळूहळू, एकेक पायरी. आणि ज्यांना फिट येतात त्यांनी हे वाचून घाबरून एकदम बंद करायची नाही, त्याने जीव जाऊ शकतो, डॉक्टरांशीच बोला.

रानपाखरू

बाप रे. आणि मेसेजमध्ये "लहान मुलांनासुद्धा देतात".

स्टेथो

उशीर झाला यायला, ड्युटी होती. मी फिजिशियन आहे, व्हॅस्क्युलायटिसचे पेशंट बघतो. पेट्रीडिश आणि मनमोकळीताईंनी लिहिलंय ते बरोबर. मी फक्त एकाच पेशंटच्या शरीरात हे दोन्ही उपचार एकत्र आले तर काय, ते लिहितो, कारण मेसेजमध्ये ते कुठेच नसतं.

जीपीएमध्ये किडनीतून प्रथिन गळत असेल तर रक्तातलं अल्ब्युमिन कमी होतं. पेट्रीडिशने सांगितलं की व्हॅल्प्रोएट अल्ब्युमिनला चिकटून असतं. अल्ब्युमिनच कमी तर मोकळं औषध वाढणार, आणि गंमत अशी की रिपोर्टवर एकूण पातळी नॉर्मलच छापून येते. पेशंट सुस्त, गोंधळलेला, आणि कागद म्हणतो सगळं ठीक. अशा वेळी मोकळी पातळी आणि अमोनिया बघावा लागतो.

दुसरं, मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर लिव्हर आणि रक्तपेशींवर आधीच नजर ठेवावी लागते, त्यात हे घातलं तर एन्झाइम वाढल्यावर कोणाला दोष द्यायचा हेच कळत नाही. प्लेटलेट कमी झाल्या तरी तेच. तिसरं, आमच्या पेशंटची प्रतिकारशक्ती दाबलेली असते, न्यूमोनिया झाला की बऱ्याचदा मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लागतं. मेरोपेनेम सुरू केलं की व्हॅल्प्रोएटची पातळी एखाद-दोन दिवसात धाडकन कोसळते. ज्याला फिटसाठी ते चालू आहे त्याला वॉर्डातच फिट येते.

आणि फिटच्या बाकीच्या जुन्या गोळ्यांचं वेगळंच आहे. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटोन या लिव्हरची एन्झाइम्स जोरात पळवतात, त्यामुळे प्रेडनिसोलोन भराभर संपतं. म्हणजे पेशंट डोस नीट घेतोय पण शरीरात तो कमी पडतोय, आणि आपण म्हणतो आजार उलटला. अव्हाकोपॅन हे या आजारावरचं नवं औषध तर अशा गोळ्यांबरोबर देऊच नये असंच आहे. वाहिन्यांचा दाह मेंदूत गेला आणि खरोखरच फिट आली तर म्हणूनच आम्ही बहुतेक वेळा लेव्हेटिरासिटॅमकडे वळतो, ते इतर औषधांच्या वाटेत फारसं येत नाही, फक्त किडनीप्रमाणे डोस ठरवायचा.

व्हॅस्क्युलायटिसच्या मान्य उपचारात व्हॅल्प्रोएट नाही. डॉक्टरांना जरूर विचारा, मेसेज दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

कुतूहल

स्टेथोजी, राग मानू नका पण माझा एक प्रश्न मनापासून आहे. व्हॅल्प्रोएट जुनं, स्वस्त, पेटंट संपलेलं. अशा औषधावर कोणी कंपनी पैसे घालत नाही हे खरं आहे ना? मग "मान्य उपचारात नाही" याचा अर्थ "उपयोग नाही" असा होत नाही. दुर्मीळ आजारवाल्यांनी किती वाट बघायची?

जुना_बाभूळ

कुतूहल, याचं उत्तर मी पेशंट म्हणून देतो.

आपला सगळा उपचारच उसना आहे. सायक्लोफॉस्फमाइड कॅन्सरचं, १९७३ मध्ये फाउची आणि वुल्फ यांनी वेगनर्सला वापरल्याचं छापलं. रिटुक्सिमॅब लिम्फोमा या कॅन्सरचं, १९९७ मध्ये त्यासाठी मंजूर झालं आणि २०११ मध्ये आपल्याला मिळालं. १९५८ चा एक जुना अहवाल आहे, त्यात उपचार नसलेले वेगनर्सचे पेशंट सरासरी पाच महिने जगले आणि १०० तले ८२ वर्षाच्या आत गेले. मी तेरा वर्षं जगलो ते उसन्या औषधांवर. तेव्हा दुसऱ्या आजाराचं औषध आपल्याला चालेल ही कल्पना मी कधीच झिडकारणार नाही.

पण उसनं घेताना मोजून घेतलं होतं बाळा. रिटुक्सिमॅबच्या वेळी १९७ पेशंट घेऊन सायक्लोफॉस्फमाइडशी समोरासमोर तुलना केली, २०१० मध्ये छापून आलं, सहा महिन्यांनी स्टेरॉइडशिवाय शांत असलेले ६४% विरुद्ध ५३%. मग २०१४ मध्ये फ्रान्सच्या ११५ पेशंटच्या अभ्यासात २८ महिन्यांनी आजार जोरात उलटायचं प्रमाण रिटुक्सिमॅबवाल्यांमध्ये ५% विरुद्ध अझाथायोप्रिनवाल्यांमध्ये २९%. हे आकडे मला पाठ आहेत, कारण माझा डोस ठरताना डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवले होते.

आणि जे उसनं घेतलं आणि फसलं तेही लक्षात ठेव. एटानर्सेप्ट. संधिवातात चालतं, दाहाची तीच साखळी तोडतं, कागदावर अगदी चपखल. १८० पेशंट घेऊन अभ्यास केला, २००५ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. आणि ज्यांना ते दिलं त्यांच्यात सहा जणांना गाठीचे कॅन्सर झाले, न दिलेल्यांमध्ये एकालाही नाही. हा अभ्यास झाला नसता आणि आपण सगळे आपापल्या ग्रुपवर एकमेकांना सांगून घेत बसलो असतो तर? ते सहा जण कोणी मोजलेच नसते.

पेट्रीडिश

काका, तुमच्या या पोस्टला नमस्कार.

कुतूहल, व्हॅल्प्रोएटचंच उदाहरण देतो. एचआयव्हीचा विषाणू पेशीत झोपून राहतो, औषधं त्याला गाठू शकत नाहीत. कोणाला सुचलं की व्हॅल्प्रोएटने दोरा सैल करून त्याला जागा करू. २००५ मध्ये चार पेशंटवर केलं, तिघांमध्ये लपलेल्या पेशी कमी झालेल्या दिसल्या, जगभर बातम्या झाल्या. मग इतर गटांनी जास्त पेशंट घेऊन, जास्त काळ बघितलं. परिणाम टिकला नाही. तिथे तर दिशा बरोबर होती, सैलच करायचं होतं, आणि तरीही. चार माणसांवरचा निकाल म्हणजे पुढचा प्रश्न कुठला विचारायचा ते कळतं, बस.

पैशाचं तुमचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. जुन्या औषधाला वाली नसतो, हे दुखणं खरं आहे. म्हणून अशा अभ्यासांना सरकारी निधी आणि पेशंट संघटनांचा जोर लागतो, आणि दुर्मीळ आजारात एका देशात पुरेसे पेशंट मिळत नाहीत म्हणून अनेक देशांनी एकत्र यावं लागतं. पेक्सिव्हास अभ्यासात ७०४ पेशंट जमवले, २०२० मध्ये निकाल आला, त्यातून कळलं की स्टेरॉइडचा कमी डोससुद्धा तितकाच पुरतो आणि गंभीर जंतुसंसर्ग कमी होतात. तो काही नव्या महागड्या गोळीचा शोध नव्हता, पण अबोलीच्या बहिणीसारख्यांचा चेहरा कमी सुजावा हे त्यातून साधलं.

मनमोकळी

पेट्रीडिश, या गोळीचा शोधही असाच लागला ना? माझ्या न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं होतं, मला तेव्हा फार धीर आला होता.

पेट्रीडिश

हो. व्हॅल्प्रोइक ऍसिड १८८२ मध्येच बनवलेलं होतं, ऐंशी वर्षं प्रयोगशाळेत नुसता द्राव म्हणून वापरत होते, दुसरी औषधं विरघळवायला. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला पिएर एमार काही संयुगं त्यात विरघळवून प्राण्यांना देऊन बघत होता. जे संयुग द्यावं त्याने फिट थांबायची. सगळ्यांनीच कशी थांबते? मग कळलं की संयुगं नाही, तो द्रावच फिट थांबवतोय. हे कसं कळलं तर नुसता द्राव देऊन बघितला म्हणून. तुलनेचा गट म्हणतात तो हाच.

अबोली_२

मंडळी, तुम्ही एवढं लिहिलंत, मी काल रात्री सगळं वाचून काढलं, दोनदा. आज सकाळी तिची गोळ्यांची डबी भरायला घेतली, ती आठवड्याची सात खणांची असते, रविवारी मी भरते. बुधवारच्या खणात एक गुलाबी गोळी जास्त दिसली. आमच्याकडे गुलाबी गोळीच नाहीये. पाठीमागे ड्रॉवरमध्ये स्ट्रिप सापडली, दहातल्या चार गेलेल्या, डबीतली ही एक सोडली तर तीन पोटात. व्हॅल्प्रोएट २००. तिने विचारलंच नाही, चिठ्ठीशिवाय आणली. माझे हात गार पडलेत. ती झोपलीय अजून. काय करू? ओरडू का?

स्टेथो

ओरडू नका. तिला उठवा, शांतपणे विचारा किती दिवस, किती गोळ्या, आणि पाळीची तारीख. तिला फिटचा आजार नाही आणि तीनच गोळ्या झाल्यात तर पुढची घ्यायची नाही. तिच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा, स्ट्रिप बरोबर न्या. ते लिव्हर, रक्तपेशी, प्लेटलेट आणि प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतील असं मला वाटतं. उलट्या, पोटात जोरात दुखणं, खूप गुंगी, असं काही असेल तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत. रिटुक्सिमॅब, प्रेडनिसोलोन यातलं काहीही बंद करायचं नाही, स्टेरॉइड तर अजिबात नाही.

मनमोकळी

अबोली, तिच्याजवळ बस. आजाराने नाही, आशेने केलंय तिने हे. कळवत राहा, आम्ही आहोत इथे.

जुना_बाभूळ

मीही पाचव्या वर्षी एक काढा घेत होतो, कोणाला न सांगता. क्रिएटिनिन वाढलं तेव्हा तोंड उघडलं. तिला सांग, एक काका म्हणालेत की त्यांना समजतं.

अबोली_२

अपडेट. तीनच गोळ्या झाल्या होत्या. डॉक्टर दुपारीच भेटले. रिपोर्ट सगळे ठीक आले, लिव्हर ठीक, प्लेटलेट दोन लाख दहा हजार, प्रेग्नन्सी नाही. लघवीत प्रथिन अगदी किंचित, मागच्या वेळेइतकंच. डॉक्टरांनी स्ट्रिप स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि तिला काही बोलले नाहीत, फक्त विचारलं की तुला नक्की काय नकोसं झालंय. ती म्हणाली हा चेहरा. आणि दर सहा महिन्यांनी उलटेल का या भीतीने जगणं. मग पाऊण तास बसून त्यांनी स्टेरॉइड ५ वरून पुढे कसं उतरवायचं त्याचा महिन्यावार तक्ता लिहून दिला. हा तक्ता आम्ही मागितला असता तर आधीही मिळाला असता, आम्ही कधी मागितलाच नाही.

हा धागा मी तिला वाचायला दिला. आता तीच लिहितेय.

अबोली_२

नमस्कार, मी अबोलीताईची बहीण. माझ्यामुळे सगळ्यांची धावपळ झाली, माफ करा. काका, तुमचा निरोप मिळाला, खूप रडले. पेट्रीडिशदादा, एकच विचारायचंय. तुम्ही लिहिलंत की पीआर३चं जनुक परत बंद झालं का हे रक्तातून बघता येतं आणि त्यावरून आजार उलटेल का याचा अंदाज येतो. हे माझं बघता येईल का? आणि नसेल येत तर माझं रक्त अशा कामाला देता येतं का?

पेट्रीडिश

माफी कसली मागतेस. ही तपासणी रोजच्या लॅबमध्ये होत नाही, ते सध्या संशोधनापुरतंच आहे, तेव्हा तुझ्या एकटीचा रिपोर्ट हातात मिळणार नाही. पण रक्त देता येतं, नक्की. व्हॅस्क्युलायटिसवर काम करणाऱ्या मोठ्या शिक्षण-रुग्णालयांमध्ये नमुने साठवायची बायोबँक असते. तुझ्या डॉक्टरांना विचार की ते अशा एखाद्या अभ्यासाशी जोडलेले आहेत का. संमतीपत्र नीट वाच, नमुना कशासाठी वापरणार आणि तुझं नाव कसं झाकणार ते त्यात लिहिलेलं असतं, आणि नंतर मन बदललं तर संमती मागे घेता येते. आणि एक, नमुना आजार शांत असतानाचा आणि उलटलेला असतानाचा, दोन्ही वेळचा असेल तर त्याचा उपयोग कितीतरी पट जास्त होतो. २०१७ चा तो निकाल अशाच पुन्हा पुन्हा रक्त देणाऱ्या पेशंटमुळे हाती आला.

स्टेथो

भर घालतो. बायोबँकेचं रक्त रिटुक्सिमॅबच्या इन्फ्युजनच्या आधी घेतलेलं बरं, त्याच सुईतून घेता येतं, वेगळं टोचावं लागत नाही.

अबोली_२

माझा पुढचा डोस १९ दिवसांनी आहे. उद्याच फोन करून विचारते, म्हणजे कागदपत्रं त्याच्या आत होतील.